मेंढरांचा काय दोष?

बाळाच्या यकृताचा आजार कळला की आईला समुपदेशनासाठी माझ्या खोलीत पाठवतात. ती खुर्चीत टेकते तोवर तिच्या मनातला खटला निकाली निघालेला असतो. कुणी पपई खाल्लेली असते, कुणी सातव्या महिन्यात एसटीने माहेरी गेलेली असते, कुणी तापावर एक गोळी घेतलेली असते. शेवटी प्रश्न एकच: "माझ्यामुळंच झालं ना?" गेल्या आठवड्यात तो तीन जणींकडून ऐकला, म्हणून हा अनुभव लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती माण तालुक्यातली. घरी मेंढरं. बाळ ५२ दिवसांचं. डोळे पिवळे, लघवीने दुपटी पिवळी होत होती आणि शी मात्र शाडूच्या मातीसारखी फिकट. कावीळ आपोआप जाईल, कोवळ्या उन्हात धरा, असं सगळ्यांनी सांगितलेलं. चुन्याच्या पाण्याने कावीळ उतरवूनही झालं होतं. आजार निघाला बिलिअरी अ‍ॅट्रेशिया. यात यकृतातून पित्त बाहेर नेणाऱ्या नळ्या सुजतात, सुजेच्या जागी घट्ट व्रण धरतो आणि वाट बंद होते. शीला पिवळा रंग पित्तामुळे येतो. ते आतड्यात उतरलंच नाही तर शी पांढुरकी होते आणि यकृतात तुंबलेलं पित्त यकृतालाच इजा करत राहतं.

५७व्या दिवशी बाळाचं कासाई ऑपरेशन झालं. मोरिओ कासाई या जपानी सर्जननी १९५९मध्ये मांडलेली ही शस्त्रक्रिया. बंद पडलेल्या नळ्या काढून आतड्याचाच एक भाग थेट यकृताच्या तोंडाशी जोडतात. ती ६० दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता जास्त असते. म्हणून इथेच सांगून ठेवते: बाळाची कावीळ १४ दिवसांनंतरही दिसत असेल तर ऊन पुरे. रक्तातलं एकूण बिलिरुबिन (कावीळ आणणारं पिवळं द्रव्य) आणि त्यातलं डायरेक्ट बिलिरुबिन (यकृताने पित्तातून बाहेर टाकण्याजोगं केलेलं), दोन्ही तपासून घ्या. डायरेक्ट वाढलेलं असेल तर ती साधी कावीळ नव्हे. शी फिकट किंवा लघवी गडद दिसली तर १४ दिवसांचीही वाट पाहू नका. तैवानने २००४पासून देशभर आयांच्या हाती शीच्या रंगांचं कार्ड दिलं आणि तिथली बाळं लवकर ऑपरेशनला पोचू लागली. इतकी साधी गोष्ट.

पहिल्या भेटीत ती म्हणाली, "म्या गिराण पाळलं न्हाई. आत्या नको म्हणत हुत्या, तरी इळीवर कांदा चिरला."

"ग्रहणाने नळ्या बंद होत नाहीत. तुमची काही चूक नाही."

तिने मान हलवली. दुसऱ्या भेटीत ग्रहण नव्हतं, चिघळाची भाजी होती. "तिसऱ्या महिन्यात लई खाल्ली." तिसऱ्या भेटीत तापाची गोळी. मी एक दार लावत होते, ती दुसरं उघडत होती.

घटना आणि दुःख यांच्यामध्ये माणसाचा स्वतःचा एक विचार उभा असतो आणि काम त्या विचारावर करायचं असतं, यावर माझा पहिल्यापासून विश्वास आहे. पण विचार काढून घेतला की जागा रिकामी राहते, हे मी विसरले होते. आईच्या मनात कारणाची जागा रिकामी राहत नाही. आजार कसा होतो हे तिथे ठेवलं नाही, तर ती तिथे स्वतःलाच बसवते. "तुमची चूक नाही" हे वाक्य दयाळू आहे, पण त्याने त्या जागी काहीच ठेवलं जात नाही.

म्हणून चौथ्या भेटीत मी कागद घेतला. यकृत म्हणजे विहीर काढली, नळी म्हणजे पाट. पाटाच्या आतल्या अस्तराला आधी कशाने तरी इजा होते. काही बाळांच्या बाबतीत विषाणूचा संशय आहे. मग शरीराचे रक्षक धावून येतात. मोठ्या माणसात त्यांना वेळीच आवरणाऱ्या पेशी असतात. नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लात त्या जवळजवळ नसतातच. त्याला जन्मल्या जन्मल्या एक विशिष्ट रोटाव्हायरस दिला तर त्याच्या नळ्या बुजतात. तोच विषाणू काही दिवसांनी दिला तर सहसा बुजत नाहीत. माणसाच्या बाळातही असंच काही घडत असावं, असा संशोधकांचा कयास आहे. एकसारख्या जुळ्यांत बहुतेक वेळा एकालाच हा आजार होतो, हेही सांगितलं. एकच आई, एकच पोट, एकच आहार.

ती लक्ष देऊन ऐकत होती. मग विचारलं, "हे सुरू कवा हुतं?"

खोटं बोलणं मला जमलं नसतं. अशा बाळांचं डायरेक्ट बिलिरुबिन जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांतच वाढलेलं सापडतं. म्हणजे सुरुवात बहुधा जन्माआधीच होते.

"म्हंजी माझ्याच पोटात."

मी हरले असं वाटलं. आणि त्या क्षणी, जी गोष्ट आयांना कधी सांगायची नाही असं मी ठरवलं होतं, ती सांगितली. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये बरिनजक नावाचं धरण आहे. दुष्काळात पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर एक रानवनस्पती माजते. १९६४, १९८८ आणि २००७ साली तिथे चरलेल्या गाभण मेंढ्यांना काही झालं नाही, पण त्यांची कोकरं बंद पित्तनळ्या घेऊन जन्मली. २०१५मध्ये शास्त्रज्ञांनी त्या वनस्पतीतलं विष वेगळं केलं. झेब्राफिश या इवल्या माशांच्या पिल्लांवर तपासलं, तर तेही नेमकं पित्तनळ्यांवरच जातं. "माणसाच्या बाळाला आपल्याकडच्या कुठल्या भाजीने असं होतं, हे सिद्ध झालेलं नाही," हेही लगेच जोडलं.

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "धरण आटलं की तळाचं हिरवं मेंढरं खाणारच की. दुष्काळात दुसरं काय मिळतंय? मेंढरांचा काय दोष?"

मी काहीच बोलले नाही. कुठे थांबायचं हे कळायला मला बरीच वर्षं लागली आहेत. तिने आपल्या हातांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ऑपरेशनच्या दिवशीही न रडलेली ती बाई पदर तोंडाला लावून रडू लागली.

मी तीन भेटी तिला कारणांच्या यादीतून खोडण्यात घालवल्या. तिने एका वाक्यात कारण आणि दोष यांची फारकत केली. मेंढी साखळीत होती आणि तरीही निर्दोष होती. माझ्या कामाबद्दल मला समाधान आहे ते एवढंच, की ती गोष्ट योग्य माणसाला सांगायचं धाडस केलं.

ज्यांना हाच प्रश्न छळतो आहे त्यांनी आधी आजाराचं नाव विचारून घ्यावं, कारण पुढचं सगळं नावावर ठरतं. बिलिअरी अ‍ॅट्रेशिया पुढच्या बाळाला होणं फारच दुर्मीळ आहे, आणि यात अंगावरचं दूध तोडायचं नसतं. गॅलॅक्टोसेमियात (दुधातली साखर शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात आजार) मात्र आईचं दूधही ताबडतोब थांबवावं लागतं. गॅल्ड (GALD) नावाच्या एका आजारात आईच्या रक्तातली प्रतिद्रव्यं वारेतून जाऊन बाळाच्या यकृतावर हल्ला करतात. तो पुढच्या गरोदरपणात पुन्हा होण्याची शक्यता खूप असते, पण आईला तेव्हा वेळेत इम्युनोग्लोब्युलिनची (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिद्रव्यांची) इंजेक्शनं दिली तर बहुतेक बाळं वाचतात. तिथेही तिचं रक्त कारण असतं, ती दोषी नसते. आईला हिपॅटायटिस बी असेल तर बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन मिळेल, हे बघा.

तिच्या बाळाची कावीळ तीन महिन्यांत उतरली. यकृतावरचे व्रण राहिलेत. ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं चालू आहेत आणि पुढे कधीतरी यकृत बदलावं लागू शकेल, हेही तिला माहीत आहे. मागच्या महिन्यात तिची भावजय बाळंत झाली. गावाकडून पेढ्यांचा निरोप आला, तेव्हा तिने फोनवर आधी विचारलं, "पोराची शी कशी हाय? शाडूवानी का हळदीवानी?"