टायरचं शनिवारी बघा, पॉलिसी आजच रद्द करा

जर्मनीतल्या केम्प्टनहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय 32, नोकरी पक्की, गाडी जुनी गोल्फ. सहकारी त्याचे वापरलेले विंटर टायर 120 युरोला देतोय. ते घ्यावेत की 380 युरोचे नवे ऑल-सीझन? पैसे ओव्हरड्राफ्टमधून काढावे लागतील, कारण ‘महिन्याला 300 युरो पेन्शन पॉलिसीत जायला लागलेत’. पॉलिसी 35 वर्षांची, मंडळातल्या ओळखीच्या दादांनी दिलेली, कागद 14 ऑक्टोबरला हातात आले. शेवटी एक ओळ: तीन-चार वर्षांत पुण्याला कायमचं परतायचंय.

तुम्ही टायरचं विचारलंत, पण मला काळजी आहे ती पॉलिसीची. चार वर्षांत देश सोडणाऱ्या माणसाच्या गळ्यात 35 वर्षांची पॉलिसी मारली, याचा मला मनापासून राग आलाय.

हिशोब बघा. 300 गुणिले 12 गुणिले 35, म्हणजे सव्वा लाख युरो. विक्रीचा खर्च या सगळ्या रकमेवर धरतात. तो साधारण अडीच टक्के धरला तर 3,150 युरो होतात आणि ते पहिल्या पाच वर्षांतच कापले जातात. म्हणजे महिन्याच्या 300 मधले 50 गुंतवणुकीला लागतच नाहीत. कारभाराचा आणि फंडाचा खर्च वेगळाच. चौथ्या वर्षी बंद केलीत तर भरलेले असतील 14,400, त्यातले अडीच हजार तर विक्रीखर्चातच गेलेले.

दादांनी नऊ टक्के वाढ सांगितलीय. ती कागदावर लिहून दिलीय का? नसेल तर ती आकडेमोडीत धरू नका. ‘कर निम्म्या नफ्यावरच’ हेही अर्धंच सांगितलंय. त्यासाठी पॉलिसी 12 वर्षं चालायला हवी आणि पैसे वयाच्या 62 नंतर घ्यायला हवेत.

सुदैवाने वेळ गेलेली नाही. जर्मन कायद्यात अशा पॉलिसीतून कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत माघार घेता येते, कारण द्यावं लागत नाही. ‘विडररुफ’ (म्हणजे माघार) असा स्पष्ट शब्द आणि पॉलिसी क्रमांक घालून कंपनीलाच ईमेल करा, पोच मागा. दादांमार्फत नको, ते चहाला बोलावतील आणि त्यात आठवडा जाईल. पहिल्या हप्त्यातले थोडे पैसे कमी परत आले तरी चालेल. 10 नोव्हेंबर उजाडू देऊ नका. मुदत टळली तर पॉलिसी मोडताना कापलेला विक्रीखर्च परत मिळणार नाही, आणि तो दर महिन्याला वाढत जाईल.

आता टायर. फारसा बर्फ न पडणाऱ्या कोलोनला राहत असतात तर मी ऑल-सीझनला हो म्हटलं असतं. पण केम्प्टन आल्प्सच्या पायथ्याशी आहे आणि तुम्ही लिहिता की शनिवार-रविवारी ओबरयोखचा घाट चढता. तिथे खरे विंटर टायरच हवेत.

सहकाऱ्याचे मात्र नकोत. तुम्ही पाठवलेल्या फोटोत टायरच्या कडेला 3816 आहे, म्हणजे 2016 चा 38 वा आठवडा. इतक्या वर्षांत रबर कडक होतं, आणि थंडीत मऊ राहणं हेच तर विंटर टायरचं काम. शिवाय त्यावर नुसती एम+एस (चिखल आणि बर्फ) ही जुनी अक्षरं आहेत, खऱ्या विंटर टायरवर असते ती डोंगरातल्या हिमकणाची खूण नाही. 1 ऑक्टोबर 2024 पासून बर्फाळ रस्त्यावर असा टायर जर्मनीत चालत नाही. पकडलं तर 60 युरो दंड आणि तुमच्या नावावर एक पेनल्टी पॉइंट. पुढेही जुना टायर कोणी देऊ केला तर खाचेत दोन युरोचं नाणं उभं घाला. चंदेरी कड पूर्ण बुडली नाही तर खाच चार मिलिमीटरपेक्षा कमी आहे, तो टायर सोडून द्या.

नवे चार विंटर टायर साधारण 380, लोखंडी रिमा 240 धरा. 620 ऐकून दचकू नका. हिवाळ्यात उन्हाळी टायर झिजत नाहीत, उन्हाळ्यात हे झिजत नाहीत. दोन्ही संच जास्त वर्षं टिकतात. खरा जादा खर्च रिमांचा आणि वर्षातून दोनदा बदलण्याच्या मजुरीचा. रिमेसकट असले की जॅक लावून बदल घरीच होतो, तळघरात ठेवले तर भाडंही वाचतं.

पॉलिसीचे दोन हप्ते वाचले की 600 युरो झाले, म्हणजे टायरचे जवळजवळ सगळे पैसे निघाले, ओव्हरड्राफ्टवर विसंबायची गरज नाही. त्यानंतरचे 300 तीन महिन्यांच्या घरखर्चाइतके साठेपर्यंत साध्या बचत खात्यात ठेवा, गुंतवणुकीचं त्यानंतर बोलू. गॅरेजची वेळ मात्र ईमेल पाठवल्या पाठवल्या घ्या. पहिला बर्फ पडला की तिथे दोन-दोन आठवडे नंबर लागत नाही, आणि तोवर घाटात जाऊ नका.