लुई मायरसारखा स्टुडिओचा सर्वेसर्वा मराठीत कधी झाला का?

प्रश्न वाचला आणि पहिलं नाव आठवलं ते जुने दिग्दर्शक-निर्माते भालजी पेंढारकरांचं. मी कोल्हापूरचा आहे, तेव्हा हे होणारच होतं. आमच्याकडे सिनेमातली जुनी माणसं त्यांना 'बाबा' म्हणायची. पण तुम्ही विचारलंय की हॉलिवूडच्या एमजीएम या बड्या स्टुडिओचा लुई मायर जसा नट घडवायचा आणि मोडायचाही, तसा कुणी आपल्याकडे होता का. मग आधी मायरची ताकद कुठून आली ते बघायला लागेल.

मायर भंगारवाल्याचा पोरगा. १९०७ साली हॅव्हरिल नावाच्या अमेरिकन गावात एक जुनं थिएटर घेऊन, झाडूनपुसून त्यानं धंदा सुरू केला. १९२४ साली एमजीएम झाली आणि तो हॉलिवूडमधल्या स्टुडिओचा प्रमुख झाला. नट-नट्या लांबलचक करारानं बांधलेले, कुणी कुठल्या सिनेमात काम करायचं ते स्टुडिओ ठरवणार. आता गंमत बघा, मालक तो नव्हताच. मालक म्हणजे न्यूयॉर्कची लोज ही थिएटरवाली कंपनी आणि तिथला निकोलस शेंक हा मायरचा साहेब. १९५१ साली दोघांचं फाटलं आणि २७ वर्षं स्टुडिओ चालवलेला माणूस घरी बसला. फार मोठ्या पगाराचा दिवाणजी म्हणा ना.

आपल्याकडे असा दिवाणजी झाला नाही. जो झाला तो स्वतः लेखक, स्वतः दिग्दर्शक आणि कर्जाच्या कागदावर सहीही त्याचीच.

प्रभात फिल्म कंपनीचं नाव कुणीतरी काढणारच, म्हणून सांगून टाकतो. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ साली कोल्हापुरात प्रभात काढली आणि १९३३ साली ती पुण्याला नेली. तिथं भागीदार होते, एकट्याचा शब्द शेवटचा नव्हता. त्यातले शांतारामबापू, म्हणजे व्ही. शांताराम, एकटे मालक झाले ते पुढं, १९४२ साली मुंबईत राजकमल स्टुडिओ काढल्यावर. ताकदच मोजायची तर ते बाबांपेक्षा भारी, हे मी कोल्हापूरकर असूनही कबूल करतो. पण माणसं घडवण्याचं म्हणाल तर मी बाबांच्या जयप्रभा स्टुडिओकडंच जाणार.

प्रभात गेल्यावर गाव ओकंबोकं पडू नये म्हणून राजाराम महाराजांच्या आश्रयानं कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली. तीच जागा पुढं भालजींकडं आली आणि तिचा जयप्रभा स्टुडिओ झाला. माझे आजोबा तिथं काही वर्षं सेटवर सुतार होते. किल्ल्याचा दरवाजा करायचा तर पुढची बाजू तेवढी सागवानी दिसायची, मागं सगळ्या खोक्याच्या फळ्या. पण कॅमेरा पुढनं येणार की बाजूनं हे आधी विचारल्याशिवाय रंधा हातात घ्यायचा नाही, हे ते घरातलं कपाट करतानाही बोलायचे. आजी वैतागायची, "इथं कुठला कॅमेरा आलाय तुमचा!"

मायरच्या स्टुडिओनं लुसिल लसूर या मुलीचं नाव बदलायला मासिकात स्पर्धा लावली, वाचकांनी नावं पाठवली आणि ती जोन क्रॉफर्ड झाली. भालजींनी स्पर्धा लावली नाही. खडकलाटहून आलेल्या रंगूचे डोळे बघितले आणि नाव ठेवलं सुलोचना. कोल्हापूरचा गोपाळ मांडरे चंद्रकांत झाला, त्याचा धाकटा भाऊ वामन सूर्यकांत झाला. बारशाला आत्यानं नाव ठेवावं तितक्या सहज. आणि ती नावं नुसती पाटीपुरती राहिली नाहीत. सुलोचनाबाई पुढं हिंदी सिनेमाची आई झाल्या, तरी नाव जयप्रभातलंच. चंद्रकांत मूळचे चित्रकार, पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. राजारामपुरीत त्यांच्या बंगल्यात त्यांच्या चित्रांचं संग्रहालय आहे, आलात तर तासभर काढून जा.

शिवाय जयप्रभात नट म्हणजे नुसतं तोंडाला रंग लावून उभं राहणं नव्हतं. ऐतिहासिक सिनेमे काढायचे तर घोड्यावर बसता आलं पाहिजे, तलवार धरता आली पाहिजे. बायकांनासुद्धा. करारापेक्षा ही तालीम माणसाला जास्त बांधून ठेवते असं मला वाटतं, अर्थात कुस्तीच्या गावात राहणारा दुसरं काय म्हणणार.

आता मोडण्याचं. १९४८ साल दोन्हीकडं वाईट गेलं. अमेरिकेत सुप्रीम कोर्टानं बड्या स्टुडिओंच्या हातातली थिएटरं सोडवायचा निकाल दिला आणि मायरसारख्यांचा पायाच हलला. इकडं गांधीजींच्या हत्येनंतर दंगल उसळली, जमावानं जयप्रभा पेटवला. त्यात 'मीठभाकर' हा सिनेमाही जळाला. भालजींनी तो पुन्हा पहिल्यापासून चित्रित केला, स्टुडिओही उभा केला. त्यानंतर १९५२ साली 'छत्रपती शिवाजी' काढला. पण कर्ज काही सुटेना. शेवटी १९५९ साली स्टुडिओ लता मंगेशकरांनी घेतला. बाबा मात्र तिथंच काम करत राहिले. म्हणजे मालकी गेली तरी खुर्ची गेली नाही. हे मायरला जमलं नसतं.

पुढं लताबाईंनी 'आनंदघन' या नावानं भालजींच्या सिनेमांना संगीत दिलं. १९६९ च्या 'तांबडी माती'त दादा कोंडके नावाचा नवा गडी दिसला. १९९१ सालचा फाळके पुरस्कार भालजींना मिळाला आणि १९९४ साली ते गेले.

२०२२ साली जयप्रभाच्या विक्रीची बातमी आली तेव्हा गावातले कलाकार आणि तंत्रज्ञ आंदोलनाला बसले होते. एका संध्याकाळी मीही दारापर्यंत जाऊन आलो. आत काय बघायचं होतं कुणास ठाऊक, आजोबांनी केलेला दरवाजा तर कधीच मोडीत गेला असणार. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमचं कोण होतं आत?" मी म्हटलं, "आजोबा. सुतार होते." तो म्हणाला, "मग बसा की," आणि सतरंजीवर जरा सरकला.