कालचा डीकोडर आज का चुकतो?

प्रश्न : मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेली व्यक्ती नुसत्या मनाने कर्सर हलवते, पण त्यासाठी वरचेवर कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राची त्या व्यक्तीशी नव्याने जुळणी, करावं लागतं, असं वाचलं. व्यक्ती तीच, मेंदूही तोच, मग मेंदूतल्या संकेतांवरून हालचाल ओळखणारा प्रोग्रॅम, म्हणजे डीकोडर, काल शिकलेला असूनही आज का चुकतो? त्याला सतत आपोआप शिकत ठेवलं तर? याच विषयावर प्रोजेक्ट करायचा आहे.
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी

उत्तर : मेंदू तोच असला तरी इलेक्ट्रोडच्या कानावर रोज वेगळं पडतं. ब्रेनगेट या मेंदू-संगणक जोडणीच्या संशोधन प्रकल्पाच्या चाचण्यांतली इलेक्ट्रोडची जाळी चार मिलिमीटर बाजूची, तिच्या सुया जेमतेम दीड मिलिमीटरच्या. श्वास आणि नाडीबरोबर मेंदू कवटीत किंचित हलत असतो. सुईचं टोक काही मायक्रॉन सरकलं, तरी कालची ठळक चेतापेशी पुसट होते आणि शेजारची ऐकू येऊ लागते. सुईभोवती हळूहळू व्रणाचा थर धरतो. शिवाय थकवा आणि लक्ष यांचा परिणाम वेगळाच. चॅनेलची, म्हणजे एकेका इलेक्ट्रोडच्या संकेताची, सरासरी पातळी ढळली की कर्सर आपसूक एका बाजूला वाहू लागतो. सरासरी सतत नव्याने काढून वजा केली, तर एवढा दोष बराचसा जातो. मी सगळ्यात आधी तेच तपासते.

सतत शिकायचं तर बरोबर उत्तर हाताशी हवं, आणि खरी अडचण तिथेच आहे. हात हलत नसलेल्या माणसाला कर्सर नेमका कुठे न्यायचा होता, हे यंत्राला कोण सांगणार? 2015 मध्ये ब्रेनगेटच्या संशोधकांनी यावर सुरेख तोड काढली. शेवटी जे अक्षर निवडलं गेलं, तिकडेच जायचं होतं असं धरून त्यांनी आधीच्या हालचालींना मागाहून उत्तरं जोडली आणि टंकलेखन थांबलं असताना डीकोडर सुधारून घेतला. मनातल्या हस्ताक्षरावरून मजकूर लिहिणाऱ्या प्रणालीत तर भाषेच्या मॉडेलने दुरुस्त केलेलं वाक्यच उत्तर म्हणून वापरलं. त्यावर ती वर्षाहून अधिक काळ टिकली.

धोका मात्र आहे. यंत्र बदलतं तसा माणूसही त्याच्याशी जुळवून घेत असतो. यंत्राने चुकीचा अंदाज खरा मानून घाईने शिकायला घेतलं, तर चूकच पक्की होते. म्हणून शिकण्याचा वेग मी कमीच ठेवते.

मला सर्वांत आशा वाटते ती तिसऱ्या वाटेची. 2020 मध्ये माकडांवरच्या अभ्यासात दिसलं, की नोंदीतल्या पेशी बदलत गेल्या तरी त्यांच्या एकत्रित संकेतांचा साचा जवळजवळ दोन वर्षं टिकला. आजचा साचा कालच्याशी जुळवून घेतला की जुना डीकोडर चालतो, आणि माणसाला पुन्हा सराव-सत्राला बसावं लागत नाही. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण कॅलिब्रेशनचा प्रत्येक मिनिट त्या माणसाच्या बोलण्याच्या वेळेतून जातो.

तुमच्या प्रोजेक्टसाठी एकच आग्रह : सगळ्या दिवसांचा डेटा एकत्र मिसळून चाचणी घेऊ नका. आधीच्या दिवसांवर शिकवा, नंतरच्या दिवसांवर तपासा, आणि दर दिवसाचा निकाल वेगळा मांडा.