बँकेच्या ई-लिलावातला फ्लॅट: आधी ताबा बघा, भाव नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: डोंबिवलीत वन बीएचके, बँकेच्या ई-लिलावात राखीव किंमत (म्हणजे बोलीची किमान रक्कम) ३२ लाख, शेजारी तसाच फ्लॅट ४५ ला जातोय. घ्यावा का, आणि फसवणूक तर होणार नाही ना?

फसवणुकीचं आधी उरकतो, ते सोपं आहे. सरफेसी कायद्याखालची (थकीत कर्जासाठी तारण मालमत्ता विकायचा बँकेला अधिकार देणारा कायदा) लिलावाची नोटीस दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. छापील नोटीस, बँकेची स्वतःची वेबसाइट आणि लिलावाचं पोर्टल (सरकारी बँकांचं 'बँकनेट') या तिन्ही ठिकाणचा पत्ता, प्राधिकृत अधिकाऱ्याचं नाव आणि बयाणा रकमेचा खाते क्रमांक जुळवा. मग शाखेत जाऊन त्या अधिकाऱ्याला भेटा. "आतून सेटिंग आहे, बयाणा माझ्या यूपीआयवर टाका" म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा.

खरी गोम नोटिशीतल्या एका ओळीत असते: ताबा सांकेतिक की प्रत्यक्ष. सांकेतिक म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवली आहे, आत मात्र कर्जदार किंवा त्याचा भाडेकरू आरामात राहतोय. त्याला काढायला बँक याच कायद्याच्या कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. कायद्यात आदेशाला ३० दिवस, फार तर ६० दिवस लिहिलेत. प्रत्यक्षात आदेश, मग तहसीलदार, मग पोलिस बंदोबस्त असं करत महिनोन्महिने जातात. तोवर तुमचा हप्ता सुरू आणि राहत्या घराचं भाडंही सुरू. ३२ आणि ४५ मधला फरक बहुतेक वेळा याच त्रासाची किंमत असतो. पहिल्यांदा घेत असाल तर प्रत्यक्ष ताबा असलेलीच मालमत्ता घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच्या जोडीला दावा आहे का ते बघा. बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्जदार कलम १७ खाली ऋण वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत जाऊ शकतो. डीआरटीच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. शिवाय बँकेला ईमेल करून लेखी उत्तर मागा. तोंडी "काही नाही हो" याला किंमत नाही.

नोटिशीत "जसे आहे जेथे आहे, जसे आहे जे आहे" असं लिहिलेलं असतं. त्याचा व्यवहारातला अर्थ: मागची थकबाकी तुमच्या गळ्यात. सोसायटीचं मेंटेनन्स व्याजासकट किती, मालमत्ता कर किती, वीजबिल किती, हे सेक्रेटरी, महापालिका आणि महावितरणकडून आकड्यात काढा. जुनं वीजबिल नव्या मालकाकडून मागता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मान्य केलंय. हे सगळं ३२ लाखांत जोडा आणि मग ४५ शी तुलना करा. सेरसाईवर (तारण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) दुसऱ्या बँकेचा बोजा आहे का, इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) कुणाच्या नावावर आहे, हेही तपासा. डोंबिवलीत आणखी एक: बनावट बांधकाम परवानग्यांवर रेरा (गृहप्रकल्पांचं नियामक प्राधिकरण) नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण विसरू नका. बँकेने कर्ज दिलं म्हणजे इमारत अधिकृत, असं धरून चालू नका. परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र महापालिकेच्या नगररचना विभागातून पडताळा.

आता पैसे, जिथे हुशार माणसंही अडकतात. बयाणा साधारण राखीव किमतीच्या १० टक्के, म्हणजे ३.२० लाख. समजा ३५ लाखांवर बोली तुमच्या नावाने थांबली. २५ टक्के, म्हणजे ८.७५ लाख, बयाणा धरून, त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरायचे, वरचे ५.५५ लाख खात्यात तयारच हवेत. उरलेले २६.२५ लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मान्य केलं तरच मुदत वाढते, तीही तीन महिन्यांपर्यंतच. नाही भरले तर ८.७५ लाख जप्त. ही पूर्ण जप्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये वैध ठरवली आहे, त्यामुळे "कोर्टात जाऊन परत मिळवू" या भरवशावर राहू नका. गृहकर्ज लागणार असेल तर बोलीआधी मंजुरी घ्या, आणि ती लिलावातल्या याच मालमत्तेसाठी आहे असं लेखी घ्या. सांकेतिक ताब्यावर पुष्कळ बँका कर्जच देत नाहीत.

लिलावाचा दिवस त्यामानाने साधा. केवायसी आणि बयाणा दोन-तीन दिवस आधी, कारण रक्कम पोर्टलवर दिसायला वेळ लागतो. शेवटच्या पाच-दहा मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते, त्यामुळे शेवटच्या सेकंदाला बोली मारण्याची युक्ती इथे चालत नाही. आकडा टाकताना शून्यं मोजा. चुकून टाकलेली बोली मागे घेता येत नाही. कमाल आकडा आदल्या दिवशी कागदावर लिहा आणि तिथे थांबा.

जिंकलात तर पूर्ण रकमेनंतर विक्री प्रमाणपत्र मिळतं. मुद्रांक शुल्काचा अभिनिर्णय, म्हणजे किती शुल्क लागेल याचा निर्णय, मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून करून घ्या आणि नोंदणी करा. किंमत ५० लाख किंवा वर असती तर १ टक्का टीडीएस कापावा लागला असता. तुमच्या व्यवहारात तो प्रश्न नाही. सोसायटीला हस्तांतरण अधिमूल्य (फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करायची रक्कम) महापालिका हद्दीत २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही, "देणगी" म्हणून मागितलं तरी. आणि चावी घेताना आत कर्जदाराचं कपाट, गॅस, देव्हारा काहीही असलं तर हात लावू नका. तो माल तुम्ही विकत घेतलेला नाही. बँकेकडून यादी करून घर रिकामं करून घ्या, मगच ताबा पावतीवर सही करा.