२ वर्षांचा मुलगा हाकेला बघत नाही, मोबाईलमुळे ऑटिझम झाला असेल का?

ताई, मोबाईलमुळे ऑटिझम होत नाही. त्याची सुरुवात बहुतेक आईच्या पोटातच होते आणि सगळ्यात मोठा वाटा जनुकांचा असतो. मोबाईल कमी कराच, कारण त्यात तोंड घालून बसलेलं पोर बोलणार कधी, पण सासूबाई जे म्हणतायत ना, "तू मोबाईल दिलास म्हणून झालं", ते या कानाने ऐका त्या कानाने सोडून द्या. आईवर ढकलायची खोड जुनीच आहे हो. १९४३ मध्ये लिओ कॅनर या मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाने अमेरिकेत ११ मुलांवर गाजलेला पेपर लिहिला, त्यात हे जन्मजात असावं असं म्हटलं आणि आईबाप थंड स्वभावाचे वाटतात असंही, झालं, पुढे कित्येक वर्षं डॉक्टर लोक आईबापांच्याच मागे लागले. १९७७ ला जुळ्यांचा अभ्यास आला, एकसारख्या (म्हणजे जनुकंही सारखीच असलेल्या) जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ मध्ये दोघांनाही ऑटिझम, एकसारख्या नसलेल्या १० जोड्यांत एकातही नाही, तेव्हा कुठे चर्चा जनुकांकडे वळली.

माझा मुलगा आता नववीत आहे. तुमच्या पिल्लाएवढा असताना तहान लागली की माझं मनगट धरून माठापर्यंत ओढत न्यायचा, माझा हात उचलून पेल्यावर ठेवायचा, चेहऱ्याकडे बघायचं नावच नाही. किती शब्द येतात यापेक्षा हेच बघा, विमान गेलं तर तुम्हाला दाखवायला बोट करतो का, आणि तुम्ही बघताय ना म्हणून वळून बघतो का.

हाकेला बघत नाही म्हणताय तर आधी कानाची बेरा टेस्ट, म्हणजे ऐकू येतंय का ते कळतं, मग डेव्हलपमेंटल पिडियाट्रिशियन, म्हणजे मुलांच्या वाढ-विकासाचे डॉक्टर. एम-चॅट म्हणून २० प्रश्नांची यादी असते, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, त्यात रिस्क दिसली म्हणजे ऑटिझम पक्का झाला असं नाही, नीट तपासायला हवं एवढंच. प्रायव्हेट झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी विचारा, लहान मुलांच्या विकासातल्या अडचणी तपासणारं सरकारी केंद्र असतं ते. आणि "याचे बाबा पण उशिराच बोलले" हे ऐकून वर्ष घालवू नका, स्पीच थेरपीला निदानाचा कागद लागत नाही, ती लगेच चालू करता येते.

पुढे कोणी स्टेम सेल उपचाराचं पॅकेज घेऊन येईलच. नॅशनल मेडिकल कमिशनच्या, म्हणजे देशातल्या डॉक्टरांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या बोर्डाने २०२२ लाच सांगितलंय की ऑटिझमसाठी ते देऊ नये. त्या पैशात थेरपीची कितीतरी वर्षं निघतात.