रणगाडे उतरवण्यासाठी किनाऱ्याच्या वाळूवर चढवलेले जहाज पुन्हा समुद्रात कसे जाते?

असे जहाज मुख्यतः स्वतःच्याच मागच्या नांगराच्या जोरावर पाण्यात परतते. दुसऱ्या महायुद्धातील एलएसटी (लँडिंग शिप, टँक; म्हणजे रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारी) जहाजे किनारा गाठण्यापूर्वीच पुढच्या टोकाच्या नांगराऐवजी पिछाडीकडील नांगर खोल पाण्यात टाकत, त्याची लांब पोलादी तार सोडत पुढे जात आणि सपाट तळ वाळूला टेकला की पुढचे दरवाजे उघडून उतरता फळा (रॅम्प) खाली सोडत. रणगाडे उतरल्यावर भार हलका होई, जहाज जड ठेवणाऱ्या टाक्यांतील पाणी उपसले जाई आणि इंजिने उलटी फिरवून नांगराची तीच तार विंचवर (तार ओढून गुंडाळणाऱ्या यंत्रावर) गुंडाळली की जहाज मागे ओढले जाई. मात्र ओहोटी लागल्यास हा उपाय पुरत नाही. १९४४ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर तर कित्येक एलएसटी मुद्दाम कोरड्या वाळूवर बसू देत आणि पुढच्या भरतीला बाहेर काढत.