चीनमधल्या यी लोकांचा ओपन-एअर शो बघायला जावं का, की नुसती शोबाजी असते?

शोबाजी असतेच, पण ती सुरुवातीच्या तास-पाऊण तासापुरती. तुम्ही विचारलंय की युन्नानला, म्हणजे चीनच्या नैऋत्येकडच्या प्रांतात, जातोच आहोत तर एक संध्याकाळ यी लोकांच्या, म्हणजे तिथल्या एका अल्पसंख्याक जमातीच्या, उघड्यावरच्या कार्यक्रमासाठी ठेवावी का, तर माझं म्हणणं ठेवा, फक्त स्टेजवरचं संपलं की लगेच हॉटेलवर पळू नका कारण खरी मजा त्यानंतर चालू होते.

मी युन्नानमधल्या दाली शहरात मेडिकलला होते, तिकडे आपल्याकडची बरीच पोरं असतात. युन्नानची राजधानी कुनमिंगहून दालीला बुलेट ट्रेनने जाताना वाटेत छुशिओंग लागतं, कुनमिंगपासून तासाभरावर, ही गाडी 2018 पासून सुरू आहे. छुशिओंग हा यी लोकांचा स्वायत्त जिल्हा. शहराला लागूनच यीरन गुचन म्हणून एक 'प्राचीन गाव' आहे जे प्राचीन बिचीन काही नाही, आत्ता आत्ता बांधलेलं आहे, दुकानं हॉटेलं लाल कंदील सगळं. नाक मुरडायचं असेल तर इथेच मुरडून घ्या म्हणजे पुढे त्रास नाही.

अंधार पडला की मोठ्या चौकात कार्यक्रम. बिमो येतो, बिमो म्हणजे यी लोकांचा पुजारी, मंत्र म्हणतो, जाळ पेटतो, मग मेंढीच्या कातड्याची जाकिटं घातलेले पोरगे आणि भरतकामाच्या टोप्या घातलेल्या पोरी धडाधड नाचायला लागतात. लाऊडस्पीकर कान फोडतो, निवेदक सगळं चिनीत बोलतो, धूर सोडायचं मशीन पण असतं. दिसायला भारीच दिसतं, खोटं कशाला बोलू. पण एक गोष्ट माहीत असू द्या. यी हे एका छापाचे लोक नाहीत, 2020 च्या जनगणनेत 98 लाखांच्या आसपास होते, निम्म्याहून जास्त युन्नानमध्ये, बाकी सिचुआन, ग्वेचोऊ वगैरे, आणि त्यांच्यात इतक्या शाखा आहेत की एकाची बोली दुसऱ्याला कळेलच असं नाही. स्टेजवर मात्र सगळं एकाच पातेल्यात. खांद्यावरची लोकरीची काळी झूल सिचुआनच्या लिआंगशानकडची, ते भलंमोठं तीन तारांचं वाद्य युन्नानमधल्याच शिलिन आणि मिलअकडच्या सानी आणि आशी या यी शाखांचं, आणि हे सगळं छुशिओंगच्या चौकात एकापाठोपाठ एक. मला ते आधी खटकायचं, नंतर सोडून दिलं.

आता मुख्य भाग. स्टेजवरचं आटपतं, टुरिस्ट फोटो काढून पांगायला लागतात आणि नेमकं तेव्हाच गावातल्या बायका यायला लागतात, कुणाच्या हातात भाजीची पिशवी, कुणी नातवाला घेऊन, साधे रोजचे कपडे. काही म्हातारे चार तारांची वीणा घेऊन येतात जिच्या टोकाला लाकडी ड्रॅगनचं रंगवलेलं डोकं असतं. एक जण वाजवायला लागतो, दोघं तिघं जोडले जातात, आणि जाळाभोवती रिंगण धरलं जातं, मग त्याच्या बाहेर दुसरं, मग तिसरं. याला डाव्या पायाचा नाच म्हणतात, जवळच्या मौडिंग तालुक्याचा हा, 2008 मध्ये चीनच्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत गेला. आपल्या डहाणू-जव्हारकडचा तारपा बघितला असेल तर लगेच ओळख पटेल, तसंच हात धरून फिरायचं, फक्त इथे वाजवणारेही एकापेक्षा जास्त आणि तेही पाय आपटत त्याच पावलावर नाचत असतात. चाल तीच तीच फिरून येते, पाच मिनिटांनी कंटाळा येईल असं वाटतं आणि पंधरा मिनिटांनी पाय आपोआप पडायला लागतात.

तुम्हाला कुणी 'या' म्हणणार नाही. दोन माणसांच्या मधे हात घाला, ते हात सोडून जागा करतात आणि पुन्हा धरतात, विषय संपला. शेजारणीच्या पायाकडे बघा, स्वतःच्या पायाकडे नको. चुकलात तर ती हसेल आणि जरा जोरात हात ओढेल. मला तरी पैसे देऊन पुढच्या खुर्चीत बसण्यापेक्षा हे शंभर पटीने आवडलं, आणि 'हे अस्सल की टुरिस्टांसाठी' हा प्रश्न तिथे मला पडलाच नाही कारण त्या बायका टुरिस्ट नसले तरी नाचणारच असतात.

वेळ जुळत असेल तर यी लोकांच्या मशाल उत्सवाला जा. चिनी पंचांगातल्या सहाव्या महिन्याची 24 तारीख, 2026 मध्ये ती 6 ऑगस्टला येते. लिआंगशानमध्ये गोष्ट सांगतात की आकाशातला एक पैलवान पृथ्वीवरच्या पैलवानाकडून कुस्तीत मेला, देव चिडला, त्याने पिकावर किडे सोडले आणि लोकांनी मशाली पेटवून ते जाळले. शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही, पावसाळ्याच्या मध्यात कीड पडतेच आणि उजेडाकडे धावतेच. युन्नानमध्ये त्या रात्री मशालीवर राळेची पूड फेकतात, भप्पकन ज्वाळा उठते आणि ती तुमच्या दिशेने उठवली तर ते आशीर्वाद समजायचं. म्हणून सिंथेटिक ओढणी, नायलॉनचं जॅकेट अजिबात नको, जाड सुती घाला, केस बांधा, लहान मुलं असतील तर मागे उभे राहा. हॉटेलं त्या आठवड्यात भरतात, आधी बुक करा. पाऊस असतोच, शहर साधारण 1,800 मीटर उंचीवर आहे त्यामुळे ऑगस्टमध्ये पण रात्री गार वाटतं.

दालीच्या बाजूला जाणार असाल तर नानजिएन तालुक्यातल्या यी लोकांचा 'ताटांचा नाच' कुठे आहे का तेवढं विचारा. लग्नाच्या पंगतीत वाढपी नाचत येतो, डोक्यावर वाडगे, हातांवर ताटं, आणि वर दातात चमचे धरून त्यांच्या दांड्यांवर पण वाडगे, आणि सांडत काही नाही. स्टेजवर पण करतात पण पंगतीत बघायला मिळालं तर तुमचं नशीब.

जेवणाचं म्हणाल तर मटण-डुक्कर आणि दारूचा आग्रह भरपूर. दारू नको असेल तर पहिल्याच पेल्याला हसून नाही म्हणा, एक घेतला की मग सुटका नाही, गाणं म्हणून पाजतात. पावसाळ्यात रानातल्या मशरूमचा हॉटपॉट (टेबलावरच उकळत्या रश्श्यात शिजवून खायचा) खा, शाकाहारी असाल तर रस्सा कोंबडीचा नाही ना ते आधी विचारा, नानहुआ तालुका त्यासाठीच प्रसिद्ध आहे. फक्त वेटर टेबलावर टायमर लावून जातो आणि तो वाजेपर्यंत चॉपस्टिक बुडवू देत नाही, कारण काही जाती कच्च्या राहिल्या तर विषारी असतात. कितीही भूक लागली तरी तेवढं त्याचं ऐका.